स्टारला दहा वर्षं बांधून ठेवावं का?

प्रश्न : दादा, पुतण्या अमेरिकेत असतोय, बेसबॉलचं लई वेड त्याला. टीमनं स्टार प्लेयरला दहा-दहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यावं म्हणतोय, मला काय पटत नाही बघा. – एक वाचक, खानापूर

उत्तर : काका, पहिला त्या प्लेयरचं वय बघा की. डिसेंबर 2011 मध्ये एंजल्स टीमनं अल्बर्ट पुजोल्सला 10 वर्षांसाठी जवळपास 24 कोटी डॉलर दिले, तेव्हा तो 31 चा, आधी कार्डिनल्स टीमकडं 11 सीझनमध्ये 445 होमरन (आपल्या सिक्ससारखा फटका) मारलेला गडी, पण नंतर टाच दुखायली, पाय जड झाले आणि मे 2021 मध्ये कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आधीच त्याला सोडला, तरी पैसे द्यावेच लागले कारण तिकडं करार गॅरंटीचा असतोय. आपल्या लेले ग्राउंडवर पण बघतो की आपण, पस्तिशीतला बॅट्समन बॉल ओळखतोय बरोबर पण बॅट अर्धा क्षण उशिरा येते, कॅच जातोय. म्हणून पंचविशीतल्या पोराला खुशाल द्यावं, मेट्स टीमनं 2024 च्या डिसेंबरात हुआन सोटोला 15 वर्षं आणि 76.5 कोटी डॉलर दिले तेव्हा तो 26 चा होता, ते मला पटतंय. तिशी ओलांडलेल्याला मात्र चार-पाच वर्षांच्या वर मी तरी देणार नाही, कितीबी लाडका असू दे.