मोफत कीवर्ड टूल वापरून जाहिरातींतून खरंच पैसे मिळतात का?

तुमचे प्रश्न तीन आहेत. मोफत कीवर्ड टूल (लोक सर्चमध्ये कुठले शब्द टाइप करतात ते दाखवणारं टूल) वापरून जाहिरातींतून कमाई होते का? कीवर्ड प्लॅनरमध्ये 'कर्ज', 'विमा', 'वकील' अशा शब्दांसमोर भरघोस बोली, म्हणजे जाहिरातदार मोजायला तयार असलेली रक्कम, दिसते, तर त्यांवरच लिहावं का? आणि पुढेमागे पैसे भरून टूल घ्यावं का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, नवीन साइट असेल तर, सरळ नाही. दुसऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच रुतते.

कीवर्ड प्लॅनर हे गूगल ॲड्सचं टूल आहे, म्हणजे पैसे देऊन जाहिरात करणाऱ्यांचं. तुम्ही कमावणार गूगलच्याच ॲडसेन्समधून, म्हणजे आपल्या साइटवर जाहिरातीला जागा देणाऱ्यांच्या बाजूने. प्लॅनरमधला प्रत्येक रकाना जाहिरातदारासाठी बनवलाय आणि आपण तो आपल्यासाठी असल्यासारखा वाचतो, गोंधळ तिथून सुरू होतो. 'स्पर्धा' हा रकाना घ्या. तिथे 'कमी' दिसलं की नवा माणूस खूश होतो, त्याला वाटतं इथे रँक होणं, म्हणजे सर्चमध्ये वर येणं, सोपं. पण ती स्पर्धा त्या शब्दावर बोली लावणाऱ्यांमधली. सर्चच्या पहिल्या पानावर कोण ठाण मांडून बसलंय याचा तिच्याशी काही संबंध नाही. उलट 'कमी' म्हणजे त्या विषयात जाहिरातीवर पैसे टाकणारेच थोडे, असाही अर्थ निघतो, आणि तो तुमच्या फायद्याचा नाही.

बोलीचंही तेच. समोर दिसते ती रक्कम सर्चच्या निकालांवर, पानाच्या वरच्या भागात जाहिरात दिसावी म्हणून मोजली जाणारी. तुमच्या साइटवरची जाहिरात वेगळ्या लिलावातून येते. त्यात पानावरचे शब्द हा एक मुद्दा, बाकी वाचक कुठल्या देशातला, मोबाइलवर आहे की संगणकावर, त्याने परवानगी दिली असेल तर आधी काय बघत होता, हे सगळं धरलं जातं. म्हणून कर्जावरच्या लेखात बुटांची जाहिरात दिसते. शिवाय 2024 पासून ॲडसेन्सचा हिशेब मुख्यतः क्लिकवर नाही, जाहिरात किती वेळा दिसली यावर होतो. जाहिरात गूगल ॲड्समधून आली असेल तर जाहिरातदाराच्या पैशातले साधारण 68 टक्के साइटमालकाकडे येतात. तेव्हा प्लॅनरमधली बोली गुणिले वाचक असं गणित मांडून कुणी कमाई दाखवत असेल, तर तिथून उठा.

महागड्या शब्दांमागे धावण्याचा इतिहास जुना आहे. मेसोथेलिओमा हा ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग. अमेरिकेत त्याचे नुकसानभरपाईचे दावे चालवणारे वकील या शब्दासाठी एवढी बोली लावत की महागड्या कीवर्डच्या यादीत तो हमखास असे. मग ज्यांना या आजाराची ओळखही नव्हती, त्यांनी त्यावर ढिगाने साइट्स काढल्या. 2011 मध्ये गूगलने सर्चच्या क्रमवारीत केलेल्या 'पांडा' या बदलाने अशा पोकळ साइट्सना झोपवलं, आणि घाऊक प्रमाणात पाडलेल्या मजकुराविरुद्ध गूगलने मार्च 2024 मध्ये वेगळं धोरणच आणलं. पैसा आणि आरोग्य या विषयांत तर लिहिणाऱ्याचा अधिकार काय, हे आणखी कडक तपासलं जातं. तुम्ही खरोखर विमा क्षेत्रात असाल तर बेलाशक लिहा. नसाल तर सोडा.

आता टूल कसं वापरायचं ते.

मी सुरुवात टूलने करत नाही, सर्चच्या चौकटीत टाइप करून करतो. धरा, तुमचा विषय प्रिंटर आहे. नुसत्या 'प्रिंटर' शब्दावर कंपन्या आणि मोठी दुकानं बसलेली असणार, तिथे तुमची डाळ शिजणार नाही. पण 'प्रिंटर कागद' एवढं लिहून थांबलात की खाली सूचना येतात, आणि त्या लोकांनी खरोखर केलेल्या सर्चवरून आलेल्या असतात. कागद ओढत नाही, कागद अडकतो, कोरा कागद बाहेर येतो. निकालांच्या पानावर 'लोक हेही विचारतात' अशा अर्थाची चौकट असते, तीही उघडत जा, एक प्रश्न उघडला की खाली नवे येतात. अर्ध्या तासात तुमच्याकडे कुठल्याही टूलच्या तोडीची यादी होते, आणि तीही लोकांच्या भाषेत.

मग त्या यादीतला एकेक शब्द सर्च करून पहिलं पान नीट बघायचं. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच बहुतेक जण करत नाहीत. वरच्या निकालांत फोरमवरच्या जुन्या चर्चा, अर्धवट उत्तरं, विषयाला निसटता स्पर्श करणारी पानं दिसली तर जागा मोकळी आहे. सगळीकडे कंपन्यांची अधिकृत मदतीची पानं असतील तर पुढच्या शब्दाकडे वळा. गूगलने स्वतःच वर एआयचं तयार उत्तर दिलंय का तेही पाहा. एका ओळीत उत्तर संपणारे प्रश्न आता वाचक पाठवत नाहीत. 'इंक टँक घ्यावा की लेझर' अशा प्रश्नाला मात्र माणूस दोन-तीन पानं उघडून वाचतोच. तो खरेदीच्या उंबरठ्यावर असतो, म्हणून जाहिरातदारालाही हवा असतो. कागद अडकलेला माणूस काम झालं की निघून जातो. साइटवर दोन्ही हवेत, पण कुठलं पान पैसे आणेल आणि कुठलं फक्त गर्दी, हे लिहिण्याआधी ठाऊक असावं.

एवढं झाल्यावर प्लॅनर उघडा. ॲड्सचं खातं लागतं. उघडताना ते जाहिरातीची मोहीम सुरू करायच्या मागे लागतं, पण मोहीम न चालवताही प्लॅनर वापरता येतो. फक्त मग शोधसंख्या '1 हजार ते 10 हजार' अशा ढोबळ पट्ट्यात दिसते. त्याने फार बिघडत नाही, कारण आपल्याला आकडा नको, तुलना हवी. यादीतल्या कुठल्या शब्दांसमोर बोली दिसते आणि कुठल्यांसमोर रकाना रिकामा, एवढं बघायचं. बोली असेल तर तिथे पैसे टाकणारा कुणीतरी आहे. त्यातलीच एक कमी वापरली जाणारी सोय म्हणजे शब्दाऐवजी एखाद्या साइटचा पत्ता टाकणं. तुमच्याच विषयातल्या मध्यम आकाराच्या साइटचा पत्ता टाका. ती कुठल्या शब्दांभोवती उभी आहे असं गूगलला वाटतं, ते समोर येतं.

प्लॅनरमधली शोधसंख्या सहसा 12 महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे हंगामी शब्द फसवतात. त्यासाठी गूगल ट्रेंड्स, म्हणजे एखाद्या शब्दाचा शोध काळानुसार कसा चढतो-उतरतो ते दाखवणारं टूल. तिथला 100 म्हणजे शंभर सर्च नव्हेत. निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू 100 धरून बाकी सगळं त्याच्या तुलनेत दाखवलेलं असतं. एकट्या शब्दाचा आलेख म्हणून फारसं काही सांगत नाही. ज्याची रहदारी तुम्हाला माहीत आहे असा शब्द शेजारी ठेवा, मग अंदाज येतो.

पण माझ्या मते सगळ्यांत उपयोगी मोफत टूल यांपैकी कुठलंच नाही. ते आहे गूगलचं सर्च कन्सोल, आणि ते पानं प्रसिद्ध केल्यानंतर कामाला येतं. बाकीची टूल्स अंदाज देतात, हे तुमच्या साइटचा हिशेब देतं: कुठल्या शब्दाला पान किती वेळा दिसलं, किती क्लिक मिळाले, सरासरी कितव्या क्रमांकावर होतं, मागच्या 16 महिन्यांपर्यंतचं.

ते असं वापरायचं. कामगिरीच्या अहवालात एकाच पानाचा फिल्टर लावा, सरासरी क्रमांकाचा रकाना चालू करा आणि इंप्रेशनप्रमाणे (पान निकालांत किती वेळा दिसलं त्याप्रमाणे) यादी उतरत्या क्रमाने लावा. आठव्या ते विसाव्या क्रमांकावर अडकलेल्या, भरपूर दिसणाऱ्या पण क्लिक न मिळणाऱ्या क्वेरी (लोकांनी टाइप केलेले शोध) शोधा. समजा, 'प्रिंटर कागद ओढत नाही' या पानाला 'रोलर कसा साफ करायचा' या शोधासाठी इंप्रेशन मिळताहेत, पण तुमच्या पानात रोलरवर फक्त एक वाक्य आहे. म्हणजे गूगल पान पुढे करून बघतंय आणि वाचकाला हवं ते दिसत नाही. तिथे रोलरचा स्वतंत्र भाग लिहा. रोलर कुठे असतो, कशाने पुसायचा, काय लावायचं नाही, स्वतः काढलेला फोटो. नवं पान लिहिण्यापेक्षा हे कमी कष्टाचं, आणि परिणामही बहुधा लवकर दिसतो. फिल्टरमध्ये रेजेक्सही, म्हणजे खुणांनी लिहिलेला शोधाचा नमुनाही, चालतं. 'का', 'कसा', 'किती' असे शब्द उभ्या रेघेने जोडून टाकले की वाचकांचे प्रश्न बऱ्यापैकी वेगळे निघतात. 'का' दुसऱ्या शब्दांच्या पोटातही सापडतो, तेवढं हाताने गाळावं लागतं.

आता हिशेब. समजा, एका शब्दाला महिन्याला 1,000 सर्च आहेत आणि त्यातले 200 जण तुमच्याकडे आले. दर हजार पानदर्शनांना 2 डॉलर मिळत असतील तर त्या शब्दाची महिन्याची कमाई 40 सेंट. डॉलरच्या खात्यात 100 डॉलर जमल्याशिवाय ॲडसेन्स पैसे सोडत नाही. याच दराने त्यासाठी 50 हजार पानदर्शनं लागतील. हा दर मी गणितापुरता धरलाय, तुमचा देश आणि विषयाप्रमाणे बराच खाली-वर होईल. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत तो सहसा चढतो आणि जानेवारीत आपटतो, तेव्हा साइटला काय झालं म्हणून घाबरू नका. मुद्दा असा की एकेका शब्दावर नजर ठेवून हे जमत नाही. चांगलं पान एकाच वेळी कित्येक लहानसहान क्वेरींवर वाचक आणतं. त्यातल्या बऱ्याच प्लॅनरमध्ये शून्य दिसतात, विशेषतः इंग्रजी सोडून इतर भाषांत, जिथे एकच शब्द लोक चार प्रकारे लिहितात.

स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करणं किंवा मित्रांना करायला लावणं, हे नाही म्हणजे नाही. खातं बंद होतं.

राहिला पैसे भरून टूल घेण्याचा प्रश्न. सर्च कन्सोलमधली क्वेरींची यादी 1,000 ओळींची मर्यादा गाठत नाही तोवर मी तरी घेणार नाही. तोवर बिंग या सर्च इंजिनच्या वेबमास्टर टूल्समधलं कीवर्ड रिसर्च फुकट आहे, आणि आह्रेफ्स हे पैसे भरून घ्यायचं टूलही स्वतःच्या साइटपुरती काही माहिती विनामूल्य दाखवतं. कीवर्ड किती अवघड हे सांगणारा आकडा मात्र दोन टूल्समध्ये जुळेल अशी अपेक्षा धरू नका. प्रत्येकाचा लिंक्सचा साठा वेगळा आणि सूत्रही वेगळं. घ्यायचंच झालं तर वर्षाचं न घेता एका महिन्याचं घ्या, आधी प्रश्नांची यादी करून ठेवा, हवा तो डेटा उतरवून घ्या आणि वर्गणी आपोआप पुढे सरकण्याआधी रद्द करा.