कारखान्यात काही राहणार नाही, तर तो धाकट्यासाठी कशाला राखून ठेवलात?

सोलापूरहून एका वडिलांनी लिहिलं आहे. शाळेचे गणवेश शिवणारा त्यांचा २४ मशिनांचा कारखाना आहे. पॅटर्न (कपड्याच्या तुकड्यांचे साचे) आणि मार्कर (ते तुकडे कापडावर कसे बसवून कापायचे त्याचा आराखडा) कॉम्प्युटरवर बनवायची यंत्रणा दोन वर्षांपूर्वी घेतली. मुलगी बारावी सायन्सला, अकरावीत गणितात ६२ मार्क. "तिला कॉम्प्युटर इंजिनिअर करायचं आहे. एआय आणि रोबोट आल्यावर शिलाईच्या धंद्यात काही राहणार नाही. ती मात्र सारखी कारखान्यात जाऊन बसते. मध्ये तिने मार्कर चार इंचांनी आखूड करून दाखवला, कटिंगचे मास्तर खूश झाले, पण अशाने अभ्यास होतो का? आता तिकडे जाणं बंद केलंय. तिला समजवा." शेवटी एक ओळ आहे: "धाकटा आठवीत आहे, पुढे कारखाना तोच बघेल."

नमस्कार.

तुमच्या त्या शेवटच्या ओळीने मला अस्वस्थ केलं. ज्या धंद्यात काही राहणार नाही असं लेकीला सांगता, तोच धंदा लेकासाठी राखून ठेवता. बुडणार असेल तर आठवीतल्या पोराच्या गळ्यात तो कशाला बांधता? आणि टिकणार असेल तर जिचे पाय आपणहून तिकडे वळतात तिला दारातच का अडवता? स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलगी परघरी जाणार, कारखाना मुलाचा, हे तुमच्या घरात फार आधी ठरलंय. ते तिला तोंडावर सांगवत नाही, म्हणून रोबोट पुढे केलाय. तुम्ही मुद्दाम करताय असं मी म्हणत नाही. पण सतरा वर्षांच्या मुलीला हे न सांगता कळतं, आणि ते गणितातल्या ६२ मार्कांपेक्षा जास्त लागतं. तुमच्या दोन पानी पत्रात तिला काय वाटतं याचं एकही वाक्य नाही.

रोबोटचं म्हणाल तर तुमचा समज अर्धाच बरोबर आहे. यंत्रं आली, पण कुठे आली ते बघा. पॅटर्न, ग्रेडिंग (एका पॅटर्नवरून लहान-मोठी मापं काढणं), मार्कर कॉम्प्युटरवर गेलं. मोठ्या कारखान्यांत थर पसरायचं आणि कापायचंही मशीनच करतं, कारण तिथे खालून हवा ओढून कापडाचे थर टेबलाला घट्ट बसवता येतात. काज-बटणाची, खिसा लावायची वेगळी मशिनं आहेत. पण बाही खांद्याला जोडताना अजून माणूसच लागतो. पत्रा ठेवाल तसा राहतो. कापड लोंबतं, ताणतं, सरकतं, गठ्ठ्यातून एक थर उचलायला जावं तर दोन येतात. सिंगरने शिलाई मशीनचं पेटंट १८५१ मध्ये घेतलं. मोटर बदलली, धागा आपोआप कापला जाऊ लागला, पण सुईखाली कापड सरकवणारे दोन हात तेच राहिले. आदिदासने जर्मनीत आणि अमेरिकेत बूट बनवायचे रोबोटवाले कारखाने काढले होते. ते बंद करत असल्याचं त्यांनी २०१९ मध्ये जाहीर केलं. पुढे कधीच काही होणार नाही असं मी म्हणत नाही. पण उद्या तुमच्याकडे नवं मशीन आलं, तर ते कुठे बसवायचं, त्यावर कोणतं कापड चालेल, रोज किती नग निघायला हवेत, हे ठरवणारं माणूस तुम्हाला लागणारच आहे.

ते माणूस तुमच्या घरात आहे, आणि तुम्ही त्याला कारखान्यात यायची बंदी केलीय.

तो चार इंचांचा हिशोब तुम्ही तरी केलात का? एका वेळी कापायला ८० थर पसरले असतील तर ३२० इंच, म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. शाळकरी पोरांचे पाच-सहा शर्ट एकाच कटिंगमध्ये वाचले. कॉम्प्युटर तुकडे भराभर बसवून देतो. पण चौकड्याच्या कापडात चौकडा जुळायला हवा, उभा धागा आडवा होता कामा नये, हे त्याला सांगावं लागतं. मोठ्या मापाच्या पाठीशेजारच्या मोकळ्या जागेत लहान मापाची बाही कुठे बसेल, हे कापड हाताळलेल्यालाच लवकर दिसतं. तिला ते दिसलं. पत्रात तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलंत, याचं मला वाईट वाटलं.

मार्ग आहेत. एमएचटी-सीईटीतून टेक्स्टाइल इंजिनिअरिंग, इचलकरंजीचं डीकेटीई किंवा मुंबईचं व्हीजेटीआय. नाहीतर निफ्ट या फॅशन टेक्नॉलॉजीच्या संस्थेचा बी.एफ.टेक, जो फॅशन डिझायनिंगचा नाही, कपड्यांच्या उत्पादनाचा आहे आणि त्याला बारावीचं गणित लागतं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगही वाईट नाही, तिला स्वतःला हवं असेल तर. फॉर्म भरायच्या आधी तिला हे तिन्ही समोर ठेवून विचारा, आणि विचारताना तुम्ही गप्प बसा. आईलाही तेव्हा जवळ बसू द्या.

तिला समजवा म्हणालात, ते मी करणार नाही. तुम्ही एवढं करा. तिची सीईटी संपेल तेव्हा तुमचा गणवेशाचा सीझन ऐन भरात असेल. ते दीड-दोन महिने मार्करचं काम मास्तरांच्या हाताखाली तिच्याकडे सोपवा. पगार द्या, मास्तरांच्या खालच्या ओळीत हजेरीपटावर तिचं नाव लिहा, आणि ते धाकट्यालाही दिसू द्या.