ऑफिस सुरू व्हायच्या आधी हे वाच

अगं,

तुझा मेसेज वाचला. बाळंतपणाची रजा संपत आली, दूध काढायचा पंप अजून खोक्यातच आहे आणि सासूबाई म्हणतायत आत्तापासून वरचं दूध सुरू कर म्हणजे सवय होईल. वरचं सुरू करायची काही घाई नाही, तीन आठवडे हातात आहेत, पुष्कळ झाले.

आधी एक पक्कं समजून घे, दूध जेवढं निघतं तेवढंच बनतं. छाती भरून तशीच राहिली की शरीर दूध बनवणं कमी करतं, म्हणून ऑफिसात साधारण दर तीन तासांनी काढायचंच, मीटिंग असली तरी उठायचं. अळिवाचे लाडू खा खुशाल, आईलाही बरं वाटेल, पण रोज पंपिंग चुकायला लागलं तर लाडू ते भरून काढणार नाहीत.

उद्यापासून सकाळच्या पाजण्यानंतर तासाभराने एकदा पंप कर, बस. सुरुवातीला बाटलीचा तळ जेमतेम झाकेल आणि तुला रडू येईल की मला दूधच नाही. अगं बाळ आत्ताच पिऊन गेलंय, उरलेलंच येणार ना! शिवाय बाळ जितकं ओढून घेतं तितकं मशीनला जमत नाही, त्यामुळे बाटलीत किती आलं यावरून आपल्याला दूध किती आहे ते ठरवायचं नाही, बाळाचं वजन वाढतंय ना, दिवसभर लंगोट ओले होतायत ना, ते बघ. इन्स्टावरचे भरलेले फ्रीझर तर बघूच नकोस, पहिल्या दिवसापुरतं आणि वर थोडं एवढा साठा पुरतो, मग आज काढलेलं उद्याला. तू नसताना बाळाला तासाला साधारण ३० ते ४० मिली धरून चाल.

आता पंपाचं. दुखत असेल तर सहन करू नकोस, बहुतेक वेळा छातीला लावायच्या फनेलचा साइझ चुकलेला असतो. बॉक्समध्ये सहसा २४ मिमीचं येतं आणि बऱ्याच जणींना त्याहून लहान लागतं. निप्पल मधोमध मोकळं पुढेमागे व्हायला हवं, कडेला घासत असेल तर फनेल लहान पडतंय, आणि भोवतीचा काळा भाग बराच आत ओढला जात असेल तर मोठं आहे. सक्शन वाढवल्याने जास्त दूध येत नाही, जखमा होतात. आधी भरभर हलका मोड लाव, पान्हा फुटला की सावकाशवाला, आणि शेवटी दोन मिनिटं हाताने दाबून काढ, तेव्हा चांगलं घट्ट दूध येतं. काही महिन्यांनी ओढ कमी वाटली तर मोटरला दोष द्यायच्या आधी ते छोटं रबरी वाल्व्ह बदलून बघ.

काढलेलं दूध २५ डिग्रीपर्यंत ४ तास बाहेर टिकतं, पण आपल्याकडचा उन्हाळा आणि लोकलची गर्दी धरता आइस पॅकवाली बॅग घेच. फ्रीजमध्ये ४ दिवस, दारात नको, आत मागे ठेव. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली धरायची, आणि बाळाने उष्टं ठेवलेलं २ तासांनंतर टाकून द्यायचं. वर सायीसारखा थर दिसला की सासूबाई म्हणतील नासलं, त्यांना आधीच सांगून ठेव की नुसतं हलवलं की एक होतं. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं चालतं, बाटलीच पाहिजे असं नाही, आणि त्यांनी स्वतः पाजून बघितलं की त्यांचाही धीर वाढेल.

छातीत गाठ, लाली आणि ताप असं एकत्र आलं तर त्याच दिवशी डॉक्टर, पण पाजणं थांबवू नकोस.

आणि ऑफिसात लाजायचं कारण नाही. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय पाजण्यासाठी रोज दोन ब्रेक हे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच आलं होतं, २०१७ च्या दुरुस्तीत २६ आठवड्यांच्या रजेसोबत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आलं. तुमच्याकडे पाळणाघर नसेल तर निदान आतून कडी लागणारी खोली आणि प्लग पॉइंट माग, टॉयलेटमध्ये बसून बाळाचं जेवण काढायचं नाही, हे मी तुला बजावून सांगतेय. एचआरला मेल कामावर जायच्या आधीच टाक, त्यात पंपिंगच्या वेळा लिहून टाक, कॅलेंडरवर ब्लॉक कर.

आणि जॉइन सोमवारी नको होऊस, गुरुवारी हो, दोन दिवसांत काय अडतंय ते कळेल आणि शनिवार-रविवार बाळ अंगावरच असेल. एचआरच्या मेलचा ड्राफ्ट आज रात्री मला पाठव, मी बघून देते.

तुझी ताई