लहान मुलाला घेऊन डोंगरातील प्रागैतिहासिक कोरीव शिल्पे पाहायला जाणे सुरक्षित आहे का?

मूल सहा-सात वर्षांचे असेल तर अवश्य जावे. मात्र वेळेचा हिशेब त्याच्या पावलांनी करावा. फ्रेंच आल्प्समधील माँ बेगो परिसरात २,००० मीटरहून अधिक उंचीवर ताम्र-कांस्ययुगातील हजारो आकृत्या कोरलेल्या आहेत. अशा उंचीवर उन्हाळ्यातही दुपारी विजांचे वादळ उठू शकते, म्हणून पहाटे निघावे आणि दुपारपूर्वी उतरणीला लागावे. सकाळच्या तिरप्या उन्हात ठोके मारून केलेल्या बारीक खळग्यांत सावली साचते आणि सपाट वाटणाऱ्या कातळावर बैलाची शिंगे अचानक उमटतात. तो क्षण मुलाला आवर्जून दाखवावा. हिमनदीने घासलेला कातळ ओला झाला की फार निसरडा होतो, तेव्हा तेथे हात सोडू नये. आखलेली वाट सोडू नये आणि धातूच्या टोकाची काठी वापरू नये, कारण तिचा एक ओरखडाही कायमचा राहतो. शिल्पाला हात लावू न देता त्याची आकृती हवेत बोटाने गिरवायला सांगावी. मुले ते मनापासून करतात. डोके दुखू लागले, मळमळले किंवा मूल गप्प झाले, तर शिखर कितीही जवळ असले तरी लगेच खाली उतरावे.