जुलाबाचं बाळ, झिंकची पट्टी आणि तुझा प्रोजेक्ट

प्रश्न : नागपुरात बी.एस्सी. नर्सिंग करतेय. पुढे लहान मुलांच्या विभागातच काम करायचंय. रिसर्च प्रोजेक्टसाठी 'जुलाबाबद्दल मातांचे ज्ञान' हा विषय सुचवलाय. एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस, म्हणजे संशोधनाच्या पुराव्यावर आधारलेली सेवा, नोकरीत कामाला येते, की मार्कांपुरतीच?

उत्तर : कामाला येते, पण अशा विषयातून नाही. आधी प्रश्नावली, मग चार्ट दाखवून शिकवणं, आठवड्याने पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढणारच! बाळाचं पुढे काय झालं, ते मात्र कळत नाही.

जुलाब ठेव, प्रश्न बदल. जुलाबात झिंकच्या गोळ्या देण्यामागचा पुरावा पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने 2004 मध्येच ओआरएससोबत झिंक द्यायला सांगितलं. आपल्याकडे सहा महिन्यांवरील बाळाला रोज 20 मि.ग्रॅ., दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10 मि.ग्रॅ., असं 14 दिवस देतात. अडतं ते घरी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब थांबले की गोळीही थांबते, कारण आईच्या लेखी ते जुलाब बंद करायचं औषध. उरलेल्या गोळ्या पुढच्या दोन-तीन महिन्यांतला त्रास टाळण्यासाठी आहेत, हे दवाखान्यातून सुट्टी देण्याच्या घाईत सांगायचं राहूनच जातं.

मग असं विचार : सुट्टीआधी एक गोळी आईच्याच हातून चमचाभर पाण्यात विरघळवून पाजून घेतली आणि पाचव्या दिवशी फोन केला, तर नुसत्या तोंडी सूचनेपेक्षा जास्त बाळांचा कोर्स पुरा होतो का? संशोधनाच्या प्रश्नात रुग्ण, उपाय, तुलना, परिणाम हे चार भाग लागतात, ते चारही आले. 'गोळ्या दिल्या ना?' असं विचारशील तर सगळ्या 'हो'च म्हणतील. पंधराव्या दिवशी पट्टीचा फोटो मागव आणि उरलेल्या गोळ्या मोज. जमल्यास ओआरएस कशात कालवतात तेही बघ. लिटरभर पाण्याचं पाकीट पेलाभर पाण्यात गेलं तर रक्तातलं सोडियम वाढू शकतं.

दोन्ही गट एका वॉर्डात एकाच वेळी घेऊ नकोस, शेजारच्या खाटेवरची आई सगळं ऐकत असते. आधी नेहमीच्या पद्धतीचा गट संपव, मग नवा. फक्त मधे ऋतू पालटू देऊ नकोस. एथिक्स कमिटीची (संशोधन नैतिक आहे का हे तपासणाऱ्या समितीची) परवानगी हातात येण्याआधी गोळा केलेली माहिती धरली जात नाही, तेव्हा अर्ज आत्ताच टाक. आधीचे अभ्यास पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, फुकट शोधता येतात.

नोकरीचं म्हणशील तर मिहानमधल्या एम्ससाठी 'नॉरसेट' ही नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा द्यावी लागते. चाइल्ड हेल्थ नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करायची तर पदवीनंतर सहसा वर्षभराचा अनुभव लागतो. तो बालरोग वॉर्डातच मिळव.