कुलदैवताला जायचे की नाही, हे मुलाने ठरवावे का?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात एकत्र कुटुंबात राहतो. माझी अंबाबाईवर श्रद्धा आहे, यजमान देव मानत नाहीत. मुलाने मोठेपणी स्वतः ठरवावे, असे आम्ही दोघांनी मान्य केले होते. आता तो अकरा वर्षांचा आहे आणि यंदा चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर येणार नाही, असे म्हणतो. सासूबाईंना वाटते की कुलदैवताचा कोप होईल. यजमान म्हणतात, त्याला या सगळ्यापासून लांबच ठेवू. आम्ही काय करावे? – एक वाचक

उत्तर : ताई, तुमच्या मुलाने नकार मोकळेपणाने सांगितला, याचा अर्थ घरात मनातले बोलण्याची भीती त्याला वाटत नाही. ही भीती निर्माण होऊ न देणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. 'पाप लागेल', 'देवी कोपेल' अशी वाक्ये मुलाला विचार करायला लावत नाहीत, ती विचार थांबवतात. आणि पुढे घरात कोणी आजारी पडले, तर आपल्यामुळेच हे घडले असे ते मूल मनातल्या मनात धरून बसते. सासूबाईंची श्रद्धा खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. परंतु कोपाची गोष्ट मुलासमोर काढू नये, अशी विनंती त्यांना त्यांच्या मुलानेच, म्हणजे तुमच्या यजमानांनी करावी. सुनेने ती केल्यास वाद निष्कारण वाढेल.

यजमानांचा उपायही मला पटत नाही. जे कधी पाहिलेच नाही, त्याविषयी निवड करता येत नाही. यात्रेत सासनकाठ्या (उंच निशाणकाठ्या) कशासाठी नाचवतात, बाबूजमाल दर्ग्यात हिंदूही का जातात, शुक्रवार पेठेतील जैन मठात काय चालते, हे त्याला कळू द्यावे. त्याचबरोबर काही माणसे देव का मानत नाहीत, हे वडिलांनी 'माझे मत असे आहे' असे म्हणून सांगावे आणि तुम्हीही तुमची श्रद्धा तशीच सांगावी.

महात्मा फुले यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' या १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात असे कुटुंब कल्पिले आहे, ज्यात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होऊनही सर्व जण एकमेकांचा द्वेष न करता एकत्र नांदतात. १९११ मध्ये फुल्यांच्याच सत्यशोधक समाजाची शाखा ज्या कोल्हापुरात निघाली, तिथे तरी ही कल्पना परकी वाटू नये. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे चौदावे कलमही मुलाचे विचार, सदसद्विवेक व धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य करते आणि त्याच्या वाढत्या समजुतीनुसार मार्गदर्शन करण्याचा पालकांचा अधिकारही राखते.

यजमानांना मात्र एक अवघड गोष्ट सांगावी लागेल : उद्या हाच मुलगा आपण होऊन गुलाल लावून डोंगर चढू लागला, तर त्याची थट्टा करण्याचा अधिकार त्यांना नसेल.

यंदा त्याला घरी राहू द्यावे. रुसवा धरू नये, बक्षिसाचे आमिषही दाखवू नये. यात्रेहून परतल्यावर पुरणपोळीच्या पंगतीला त्याला नेहमीसारखेच बसवावे, आणि त्याच्या नावाने नवस बोलू नये. आजीने बोललाच, तर तो फेडण्यासाठी मुलाला डोंगरावर नेऊ नये.