मे महिन्यात न्यूयॉर्कला पक्षी बघायचेत?

प्रश्न: मेमध्ये मुलाकडे न्यू जर्सीला चाललोय. इथे रोज सकाळी पक्षी बघायची सवय आहे, तिकडे शहरात काही दिसतं का हो? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: काका, अगदी वेळेवर चाललात! मेचे पहिले दोन आठवडे सोडू नका, तेव्हा दक्षिणेकडून वर कॅनडाकडे निघालेले वॉर्बलर (किडे टिपणारे चिमुकले पक्षी) रात्रभर उडतात आणि पहाटे खाली बघावं तर सगळं सिमेंट, मधेच न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा ८४३ एकरांचा हिरवा तुकडा, मग तिथेच उतरतात बिचारे. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून मेट्रोची सी (C) ट्रेन पकडा, ८१ स्ट्रीटला उतरा नि सरळ पार्कातला रॅम्बल नावाचा भाग गाठा, दाट झाडी आहे, वाटा वेड्यावाकड्या, चुकलात तरी बिघडत नाही. रात्री दक्षिणेचा वारा असेल तर सकाळ भारी जाते. ब्लॅकबर्नियन वॉर्बलरचा नर बघाच, गळा निखाऱ्यासारखा केशरी, पण बसतो पार शेंड्याला, मान दुखणार! काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा वॉर्बलर मात्र खोडावरच सरकत किडे टिपतो, तो सोपा. मोठा कॅमेरा कशाला वाहताय, ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरे. आणि हो, जॅकेट घ्या, तिकडची मेची सकाळ गार असते.